एकट्याने शर्यत, लहान होडी: वेग नेमका अडतोय कुठे?

एकशिडी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे लेझर आहे, आता जिला इल्का म्हणतात ती. जुनी आहे, माझ्याआधी दोघांनी वापरलेली. एक माणूस, एक शीड, ४.२ मीटर लांबी. शीड मोठं, ७.०६ चौरस मीटरवालं. माझं वजन ६८ किलो. दोन वर्षं नेमाने शर्यतीत उतरतोय आणि आता गाडं एका जागी रुतलंय. वारा ७-८ नॉट असला तर मी मधल्या घोळक्यात असतो. १२ च्या वर गेला की वाऱ्याविरुद्ध चढताना एकेक जण माझ्या वरच्या बाजूने निघून जातो आणि मी बघत बसतो. टिलर (सुकाणूचा दांडा) हाताला इतका जड लागतो की दुसऱ्या फेरीपर्यंत दंड भरून येतात. वाऱ्यासोबत उतरताना त्यातल्या चार-पाच जणांना मी परत गाठतो, म्हणजे होडी अगदीच वाईट नसावी.

यंदा थोडे पैसे बाजूला काढलेत. डोक्यात यादी अशी आहे की नवं शीड, कार्बनचं टिलर एक्स्टेन्शन (टिलरला जोडायची काठी), हल म्हणजे होडीचं अंग घासून पॉलिश आणि सगळ्या दोऱ्या नव्या. सगळं एकदम झेपणार नाही. आधी काय करू आणि काय केलं तर खरंच फरक पडेल? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज.

भिजलेला_टीशर्ट

पहिला! आणि उत्तर: शीड. डोळे मिटून शीड. जुन्या डेक्रॉन कापडाच्या शिडाचं पोट मागे सरकतं, मग कितीही ओढा, होडी पुढे जायच्या ऐवजी आडवी ढकलली जाते.

जुना नाखवा

रडरचं (सुकाणूचं) पातं पूर्ण खाली जातंय का बघ. बाकीचं नंतर.

गणिती_गलबत

एकशिडी, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा वर्ग १००, १४ चा १९६. म्हणजे फक्त ४ नॉट वाढले आणि शिडावरचा जोर जवळपास दुप्पट झाला. तुमचं वजन मात्र तेच ६८. हल्की वाऱ्यात मधल्या घोळक्यात आणि १२ च्या वर मागे, हे चित्र ज्याचं वजन शिडाला कमी पडतं त्या प्रत्येकाचं असतं. होडी कलते, कललेली होडी स्वतःहून वाऱ्याकडे तोंड वळवायला बघते, तिला सरळ ठेवायला तुम्ही टिलर ओढून धरता, आणि ओढलेलं रडर म्हणजे पाण्यात आडवी धरलेली फळी. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे, त्यामुळे रडर दहा अंश वाकडं धरलं तर त्याची शिक्षा शिडातल्या सुरकुतीपेक्षा कितीतरी मोठी असते.

(हल्की नाही, हलक्या. मोबाइलवरून टंकतोय.)

शीडवेडी

गणिती +१. आता माझं सविस्तर, कारण मी स्वतः ६१ किलोची आहे आणि याच दुखण्यातून गेलेय.

पहिली गोष्ट, जी तुमच्या यादीतच नाही. मोठं शीड साधारण ८० किलोच्या आसपासच्या माणसाला बसतं. याच हलवर खालची डोलकाठी छोटी लावून ५.७६ चौरस मीटरचं शीड चढतं, ती इल्का ६. त्याहून लहान ४.७ वालंही आहे, ती इल्का ४. होडी तीच, फक्त खालचा मास्ट आणि शीड बदललं की झालं. ६८ किलोला सहा नंबर अगदी मापात बसतो. तुमच्याकडे कोणत्या शिडाचा ताफा मोठा आहे ते बघा, कारण एकट्याने वेगळं शीड लावून शर्यत करण्यात मजा नाही.

दुसरं, मोठ्या शिडावरच राहायचं असेल तर व्हँग (शिडाखालची आडवी काठी, म्हणजे बूम, खाली ओढून धरणारी दोरी) आणि कनिंगहॅम नीट शिकून घ्या. मी पहिली दोन वर्षं झुळूक आली की नुसती शीट (शीड आत-बाहेर करायची दोरी) सोडायचे. या होडीला मास्ट धरायला तारा नाहीत, मास्ट वाकतो तो शीटच्या आणि व्हँगच्या ओढीने. व्हँग ढिली असताना शीट सोडली की बूम वर उचलली जाते, मास्ट सरळ होतो आणि शिडाचं पोट सुटतं. म्हणजे नेमकं ज्या क्षणी शीड सपाट हवं त्याच क्षणी आपण ते भरघोस करून ठेवतो! होडी कलते, थांबते, आणि आपल्याला वाटतं वजन कमी पडलं. आता मी काय करते, तर शीट ब्लॉकला ब्लॉक (कप्पीला कप्पी) टेकेपर्यंत ओढते, मग व्हँगचा ढिलेपणा काढते आणि वारा जसा वाढेल तशी त्याच्यावर आणखी ओढते. मग शीट हातभर सोडली तरी बूम वर न जाता बाहेर जाते आणि मास्ट वाकलेलाच राहतो. कनिंगहॅम तर हलक्या माणसाने लाजायचंच नाही. शिडातलं कडं बूमपर्यंत खाली येईल इतकं ओढा. पोट पुढे येतं, वरची लीच उघडते, जास्तीचा वारा वरून निसटून जातो. पहिल्यांदा केलंत की टिलर हातात एकदम हलका लागेल, तो क्षण विसरणार नाही तुम्ही.

कार्बन एक्स्टेन्शन छान असतं पण त्याने ही गोष्ट होणार नाही.

भिजलेला_टीशर्ट

शीडवेडीताई, यात एक सांगायचं राहिलं. वरच्या बोयाला (वाऱ्याकडच्या तरंगत्या खुणेला) वळायच्या आधी व्हँग सोडायची!! मागच्या मोसमात १८ नॉटमध्ये मी चक्क सहावा होतो. व्हँग तशीच करकचून ठेवून खाली वळायला गेलो, शीट सोडली पण बूम बाहेर जाईचना, तिचं टोक पाण्यात टेकलं आणि होडीने मला सरळ पाण्यात घातलं. उठून बसेपर्यंत एकविसावा.

शीडवेडी

@टीशर्ट अगदी बरोबर, हे लिहायलाच हवं होतं. बोयाच्या चार-पाच लांब्या आधी सोडायची. आणि व्हँग घट्ट असताना टॅक करताना (वाऱ्याच्या आरपार वळताना) डोकं खूप खाली घालावं लागतं, बूम अगदी डेकला घासत येते.

नवशिका_नावाडी

लीच म्हणजे मागची कड ना? आणि कनिंगहॅम म्हणजे शिडाची पुढची कड खाली ओढणारी दोरी? बरोबर समजलोय का? इतका चांगला धागा आहे, वाखु (वाचनखूण) साठवली.

शीडवेडी

हो, दोन्ही बरोबर. आणि आउटहॉल म्हणजे शिडाचा मागचा खालचा कोपरा बूमच्या टोकाकडे ओढणारी.

तांबडा_बोया

शिडावरून वाद होणारच, पण मी यादीतल्या पॉलिशबद्दल बोलतो कारण त्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. मेण लावल्यावर पाणी मोत्यांसारखं ओघळतं ते बघायला छान वाटतं, पण ओघळण्याचा आणि वेगाचा संबंध नाही. बुडालेल्या भागात पाणी चिकटूनच वाहतं. महत्त्वाचं काय, तर पृष्ठभाग खडबडीत नको, शेवाळ नको, चिकट काही नको. स्वच्छ धुतलेला, गुळगुळीत हल पुरे. आणि घासण्याआधी वर्गाचे नियम वाचा. एकाच साच्याच्या होड्यांच्या वर्गात हल घासून त्याचा आकार किंवा फिनिश बदलण्यावर बंधनं असतात, हौसेने घासाल आणि मोजणीत अडकाल.

हात चालवायचाच असेल तर डॅगरबोर्ड (होडीच्या मधून पाण्यात उतरणारं पातं) आणि रडरच्या कडांकडे बघा. खाली वाळूवर आपटून टवके उडालेले असतात. ते नियमात बसेल तसे भरून गुळगुळीत करा. या दोन पात्यांवर होडी वाऱ्याविरुद्ध चढते, त्यांना जपा.

केळीचं_पान

मी तर वाऱ्यासोबत जाताना होडी डावी-उजवी डुलवतो, मस्त पळते. फुकटचा वेग. कुणीच कसं सांगितलं नाही?

तांबडा_बोया

@केळीचं_पान, कारण ते नियमात बसत नाही. शर्यतीच्या नियमांमधला ४२ वा नियम. होडी वारा आणि पाण्याच्या जोरावर जायला हवी, अंगाने डुलवून, शीड पंख्यासारखं हलवून किंवा रडर माशाच्या शेपटीसारखं वल्हवून नाही. पंचांची होडी पिवळा झेंडा दाखवते, पहिल्या वेळी दोन पूर्ण गिरक्या घ्याव्या लागतात. लाटेवर स्वार व्हायचं असेल किंवा होडी पाण्यावर उचलली जाण्याजोगा वारा असेल तर प्रत्येक लाटेला किंवा झुळुकीला शीड एकदा ओढायची मुभा आहे. एकदाच. टॅक करताना अंगाने होडी कलवून परत सपाट करणं, म्हणजे रोल टॅक, चालतं, पण टॅक पूर्ण झाल्यावर होडीचा वेग टॅक केला नसता तर असता त्यापेक्षा जास्त नको.

केळीचं_पान

बापरे. हे माहीतच नव्हतं. बरं झालं इथे विचारलं, पुढच्या रविवारी झेंडाच बघितला असता. धन्यवाद.

ओहोटी

मी डिंगी (तुमच्यासारखी लहान होडी) नाही, साडेसहा मीटरची कीलवाली (तळाला जड पातं असलेली) होडी एकटीने पळवते, त्यामुळे माझं थोडं वेगळं आहे पण मुद्दा तोच वाटतो. एकट्याच्या शर्यतीत होडीचा सर्वोच्च वेग किती याने फार फरक पडत नाही. तुम्ही एकटे असताना त्या वेगाच्या किती जवळ आणि किती वेळ राहू शकता, त्याने पडतो. चार माणसं असली तर एक जण शीड बघतो, एक वारा बघतो, एक सुकाणू धरतो. इथे दोन हात आणि एक डोकं. जी दोरी ओढायला मला जागेवरून उठावं लागतं ती दोरी मी निम्म्या वेळा ओढतच नाही, "जाऊ दे, पुढच्या टॅकला बघू" म्हणते. तेच अंतर साठत जातं.

म्हणून मी पैसे घातले ते सगळ्या दोऱ्या सुकाणूजवळ आणण्यात. हॅलियर्ड (शीड वर चढवायची दोरी), रीफची (शीड लहान करायची) दोरी, कनिंगहॅम, सगळं बसल्या हाताला. ही कल्पना काही माझी नाही. १९६० मध्ये अटलांटिक एकट्याने ओलांडायची पहिली शर्यत झाली, पाच जण होते. फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत जिंकला. ज्याच्या डोक्यातून ती शर्यत निघाली तो ब्लाँडी हॅसलर दुसरा आला, ४८ दिवसांत, जेस्टर नावाच्या फक्त २५ फुटी होडीत. त्याने तिच्यावर चिनी पद्धतीचं पट्ट्यापट्ट्यांचं शीड चढवलं होतं आणि सगळ्या दोऱ्या मधल्या एका झाकणापाशी आणल्या होत्या, डेकवर जायचं कामच नाही. आणि वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू त्याने स्वतः बनवलं होतं. मला तो पहिल्यापेक्षा जास्त आवडतो.

गणिती_गलबत

ओहोटीताई, सुंदर. यावर एक हिशेब देतो. समजा वाऱ्याविरुद्ध चढताना दोन होड्या बरोबरीने आहेत पण आडव्या अंतराने १०० मीटर लांब. वारा १० अंश एका बाजूला सरकला तर त्या बाजूच्या होडीला साधारण २५ मीटरचा फायदा होतो, काही न करता. लेझरला ते २५ मीटर म्हणजे दहा-अकरा सेकंद. पॉलिशने, नव्या दोरीने, कार्बनने एका चढाईत दहा सेकंद मिळवून दाखवा. एकट्या माणसाची नजर बोटीत अडकली, क्लीट (दोरी अडकवायचा चाप) शोधण्यात, गुंता सोडवण्यात, तर तो १० अंश बघणार कोण?

भिजलेला_टीशर्ट

म्हणजे तुमच्या मते शीड बदलून फायदा नाही?

गणिती_गलबत

आहे, नक्की आहे. शीड खरंच थकलं असेल तर त्याचा फायदा दिसतो. पण ते "डोळे मिटून" पटत नाही. डोळे उघडेच ठेवायचेत.

भिजलेला_टीशर्ट

😄 मान्य. तरी मी शिडाच्याच बाजूने. मी जुनं शीड काढून नवं चढवलं तेव्हा पहिल्याच दिवशी वाऱ्याकडे जास्त वर चढू लागलो, हे अनुभवाने सांगतोय, पुस्तकातून नाही.

शीडवेडी

दोघांचंही बरोबर आहे. नवं शीड घेतलंत तर ते फडफडत ठेवू नका, घडी न घालता गुंडाळून ठेवा आणि रोजच्या सरावाला जुनंच लावा. ओहोटी म्हणतेय ते लेझरला कसं लावायचं तर दोऱ्यांवर खुणा करा. पक्क्या शाईच्या मार्करने. आउटहॉलवर बूमच्या मध्यापाशी शीड एक वीत सुटलेलं असेल तेव्हाची एक खूण, सपाट असेल तेव्हाची दुसरी. व्हँगवरही तसंच. मग खाली बघून अंदाज बांधावा लागत नाही, खूण क्लीटपाशी आली की हात थांबतो. व्हँग, कनिंगहॅम आणि ट्रॅव्हलरला (पिछाडीवरची आडवी दोरी, जिच्यावर शीटचा ब्लॉक सरकतो) न ताणणारी दोरी हवी, डायनीमा धाग्याची. ट्रॅव्हलर तर इतका ताठ हवा की वाजवला तर टणत्कार यावा. शीटची दोरी मात्र महागडी कशाला, ६-७ मिलिमीटरची मऊ, हाताला पकड देणारी आणि ब्लॉकमधून झरझर सुटणारी बघा.

आणि शिडावरच्या त्या लोकरीच्या टेलटेल शेपट्या. वाऱ्याकडची नाचायला लागली तर तुम्ही फार वर चढताय, पलीकडची नाचली तर फार खाली आहात. दोन्ही मागे वाहत राहिल्या की बरोबर. पण १२ नॉटच्या वर शेपट्यांपेक्षा होडीच्या कलाकडे लक्ष द्या, होडी सपाट ठेवली की बरंचसं आपोआप होतं.

रेतीतला_खेकडा

अवांतर: एकट्याने जाताना कुणी स्वतःशी मोठ्याने बोलतं का? मी बोलतो. "झुळूक येतेय, तीन, दोन, एक, बाहेर!" असं. शेजारचे हसतात पण मला त्याने वेळेवर अंग बाहेर टाकता येतं.

ओहोटी

मीही बोलते. रात्री तर होडीशीच बोलते.

पाणकोंबडी

+१. माझी तर टॅकच्या आधी पूर्ण कवायत म्हणून होते, "बघ, शीट, पट्टा, ढकल".

नवशिका_नावाडी

अंग बाहेर टाकणं म्हणजे ते पायाचा पट्टा अडकवून मागे झुकणं ना, हाइकिंग? माझ्या मांड्या दोन मिनिटांत थरथरायला लागतात. त्याला काय उपाय?

शीडवेडी

सराव. पॉल एल्व्हस्ट्रम माहीत असेल, डेन्मार्कचा. १९४८, ५२, ५६, ६०, सलग चार ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीत सुवर्ण. त्याने घरी हाइकिंगसाठी बाक बनवला होता आणि जमिनीवरच त्यावर लटकून सराव करायचा. त्या काळी बाकीचे असलं काही करत नव्हते. होडीतलं पाणी आपोआप बाहेर ओढणारा जो बेलर आपण वापरतो त्यावरही त्याचंच नाव आहे. तुम्ही घरी एक घट्ट बाक आणि पायाला पट्टा लावून आधी ३० सेकंद, मग मिनिट, असं वाढवा. पाठ गोल करून नाही, छाती उघडी ठेवून. आणि होडीतला पट्टा तुमच्या पायाच्या मापाने लावा, दुसऱ्याच्या मापाच्या पट्ट्यात गुडघे दुखतात.

जुना नाखवा

एकशिडी, रडर बघितलंस का?

एकशिडी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या आपुलकीने लिहिताय. इल्का ६ चा मुद्दा डोक्यात घोळतोय, इथे दोन्ही ताफे आहेत. व्हँग आणि कनिंगहॅम या रविवारी करून बघतो. नाखवाकाका, रडर खाली असतं, दोरी ओढून क्लीटला लावतो मी दरवेळी.

जुना नाखवा

दोरी ओढलीस हे बरोबर. पातं खाली गेलं का ते विचारतोय. किनाऱ्यावर होडी कुशीवर घे, रडर लाव, दोरी लाव आणि मग पात्याच्या टोकाला हाताने मागे ढकल. आणि दुसरं, हलमध्ये पाणी किती निघतं? बुच काढल्यावर?

एकशिडी

पाणी निघतं थोडं. एखादा तांब्या. जुनी होडी आहे म्हणून मी लक्ष दिलं नाही.

जुना नाखवा

एका शर्यतीत तांब्याभर म्हणजे कुठूनतरी येतंय. आणि जे बुचातून निघतं तेवढंच पाणी असतं असं नाही, आतल्या फोमने प्यायलेलं निघत नाही. होडी वजनकाट्याला टांग. रिकामा हल ५९ किलोच्या आसपास भरायला हवा. तू शिडावर पैसे घालशील आणि सात-आठ किलो पाणी घेऊन फिरत राहशील.

कुठून येतं ते शोधायला आधी मास्ट ज्या खोबणीत उभा राहतो ती बघ. तिच्यात वाळू अडकली की मास्टचं बूड वळताना खरवडत राहतं आणि तळाला भोक पडतं. मास्ट काढ, खोबण पाण्याने काठोकाठ भर, पाण्याच्या पातळीला खडूने खूण कर आणि रात्रभर सोड. सकाळी पाणी खाली गेलं असेल तर तीच जागा. हे दुरुस्त न करता जोराच्या वाऱ्यात गेलास तर एक दिवस मास्ट डेक फाडून बाहेर येईल, हे मी डोळ्याने बघितलंय. तिथे नसेल तर बुचाची जागा, रडरच्या कड्यांचे स्क्रू, बेलर, डॅगरबोर्डची फट, आणि डेक नि हल जिथे जोडलाय ती शिवण. साबणाचं पाणी लावून बुचातून अगदी हलकी हवा भर, तोंडाने फुंकलीस तरी चालेल. बुडबुडे येतील तिथे खूण कर. कॉम्प्रेसर लावू नको, शिवण उसवेल.

तांबडा_बोया

काकांच्या या प्रतिसादाला शंभर मार्क. एक भर, कॉकपिटच्या पुढच्या भिंतीत हवेसाठी बारीक भोक असतं. फुंकून तपासताना त्यावर टेप लावा आणि नंतर आठवणीने काढा. उन्हात तापलेला हल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, ते भोक बंद असेल तर हल ती हवा दुसऱ्या कुठल्या तरी फटीतून ओढतो, आणि त्या फटीबाहेर पाणी असतं.

पाणकोंबडी

हे आज पहिल्यांदा कळलं. मी गेले सहा महिने ते भोक घाण वाटते म्हणून टेप लावून बंद ठेवलंय. उठून काढते.

भिजलेला_टीशर्ट

ऑटोपायलटचं काय ओहोटीताई? तो लावून शर्यत चालते?

ओहोटी

साध्या शर्यतीत नाही. ५२ वा नियम म्हणतो की शीड, दोऱ्या, सुकाणू हे सगळं माणसाच्या ताकदीने हलायला हवं. पण एकट्याच्या शर्यतींत आयोजक सूचनांमध्ये हा नियम बदलून परवानगी देतात. साडेसहा मीटरच्या मिनी होड्यांची एकट्याने अटलांटिक ओलांडायची शर्यत १९७७ पासून चालते, तिथे पायलट असतोच, नाहीतर झोपणार कधी. पायलटबद्दल माझा एकच सल्ला, आधी शीड जुळवून सुकाणू हलकं करा आणि मग होडी त्याच्या हाती द्या. दोन बोटांत धरता येत नाही असं सुकाणू पायलटला दिलं तर तो नागमोडी जातो आणि बॅटरीही खातो.

आणि पायलट चालू असताना स्वतःला दोरीने बांधून घ्या. डिंगी उलटली तर शेजारी थांबते, पायलटवरची होडी तुम्हाला पाण्यात सोडून तशीच पुढे जाते. १९६४ ची अटलांटिक शर्यत एकट्याने जिंकणारा एरिक ताबार्ली, त्याच्याइतका अनुभव कुणाला होता, तो १९९८ मध्ये रात्री होडीवरून पडला आणि गेला. त्याने हार्नेस घातला नव्हता. मी हे प्रत्येक नव्या माणसाला सांगते, इथेही सांगते.

रेतीतला_खेकडा

🙏 हे सगळ्यांनी वाचावं.

एकशिडी

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, थोडं लांब लिहितो.

नाखवाकाका, तुमच्या पाया पडायचं बाकी आहे. होडी कुशीवर घेतली, रडर लावलं, दोरी ओढून क्लीटला अडकवली आणि टोकाला बोटांनी ढकललं. पातं मागे गेलं, चांगलं चार बोटं. क्लीटचे दात झिजून गुळगुळीत झालेत, दोरी लावताना ताठ असते आणि जोर आला की हळूच सरकते. वारा कमी असताना सरकायची नाही म्हणून मी कधी पाहिलंच नाही. म्हणजे १२ नॉटच्या वर प्रत्येक शर्यतीत मी मागे रेललेलं रडर घेऊन फिरत होतो आणि जड टिलरचा दोष वजनाला देत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. नवी क्लीट आणि न ताणणारी दोरी लावली, आता ढकललं तर केसभरही हलत नाही.

मग खोबणीत पाणी भरून ठेवलं. सकाळी खूण आणि पाण्यात दोन बोटांचं अंतर. टॉर्च लावून बघितलं तर तळाला चंद्रकोरीसारखी खरवड, आणि तिच्या एका टोकाला सुईच्या नाकाएवढं भोक. हल टांगला, ६६ किलो भरला. डेकवर तपासणीचं झाकण आधीपासून होतं, ते उघडून दहा दिवस छोटा पंखा लावून ठेवला, नंतर ६१ वर आला. भोक जाणकाराकडून इपॉक्सीने भरून घेतलं आणि आता दर वेळी मास्ट उभा करायच्या आधी खोबण धुतो.

शर्यतीचं सांगतो. परवा १३-१४ नॉट होता. व्हँग शीडवेडीताईंनी सांगितली तशी, कनिंगहॅमचं कडं बूमपर्यंत. पहिल्या चढाईत मी दोनदा मागे वळून रडर सुटलं तर नाही ना हे बघितलं, टिलर इतका हलका लागत होता. हात मोकळा झाला म्हणून वर बघता आलं, आणि डाव्या बाजूला पाण्यावर काळसर पट्टा, म्हणजे जोराची झुळूक, सरकत येताना दिसला. इतके दिवस तो पट्टा नेहमीच येत असणार. तिकडे टॅक केला. वरच्या बोयाला सातवा. शेवटी अकरावा आलो, कारण दुसऱ्या फेरीत पायांनी साथ सोडली. एल्व्हस्ट्रमचा बाक आता मीही बनवतोय.

शीड अजून जुनंच आहे. पैसे तसेच आहेत.

भिजलेला_टीशर्ट

अभिनंदन!!! आता तरी शीड घ्या 😄

शीडवेडी

वा वा, वाचून फार आनंद झाला. काळा पट्टा दिसला ना, झालं तर मग. शीड घेण्याआधी एक महिना कुणाचं तरी सहा नंबरचं शीड आणि छोटा मास्ट मागून वापरून बघा, मग ठरवा.

गणिती_गलबत

६६ वरून ६१! पाच किलो तुम्ही नुसत्या पंख्याने काढलेत.

एकशिडी

हो. शीडवेडीताई, तसंच करतो, एकाने द्यायचं कबूल केलंय. आता नवा प्रश्न, जमल्यास उत्तर द्या. ५ नॉटच्या खाली होडी जागच्या जागी चिकटल्यासारखी वाटते, तिथे काय?

जुना नाखवा

पुढे सरकून बस, डॅगरबोर्डच्या अगदी जवळ, म्हणजे पिछाडी पाण्यात ओढली जाणार नाही. होडी किंचित वाऱ्याआडच्या बाजूला कलव, शीड स्वतःच्या वजनाने आकार घेतं आणि पाण्याला टेकलेला भाग कमी होतो. व्हँग ढिली. आणि हलू नको. हात खाजवायचा असला तरी हळू खाजव.

पाणकोंबडी

आणि डॅगरबोर्डला गवत अडकलंय का ते बघा, कमी वाऱ्यात एक काडीही जाणवते.

एकशिडी

रविवारी बघतो आणि इथेच लिहितो.